छतातला मधला लाइट दार उघडल्यावर लागत नाही, बल्ब बदलायचा कसा?

मधली_सीट:
नमस्कार मंडळी. गाडीच्या छताला मध्यभागी जो लाइट असतो तो बंद पडलाय. पुढचे दोन छोटे लाइट (ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या डोक्यावरचे) व्यवस्थित लागतात, फक्त मधलाच नाही. आई मागच्या सीटवर बसते आणि अंधारात तिला बेल्टचं लॉक सापडत नाही, दर वेळी मोबाइलची बॅटरी लावून दाखवावं लागतं, म्हणून हे आता करायचंच आहे. बल्बच बदलायचा असणार असं वाटतंय पण कव्हर निघता निघत नाहीये, जोर लावला की कडकड आवाज येतो आणि मग पुढे जायची हिंमत होत नाही. कव्हरला स्क्रू कुठेच दिसत नाही. तर (१) कव्हर न तोडता कसं काढायचं (२) बल्ब कुठल्या मापाचा घ्यायचा, दुकानात नुसतं "आतला बल्ब" म्हटलं की समोर तीन-चार प्रकार ठेवतात (३) साधाच बल्ब घालू की एलईडी? बॅटरीची वायर काढायला लागते का हेही सांगा, कारण रेडिओ वगैरे परत सेट करायचा त्रास नकोय.

पाना_बारा:
कव्हर उघडायच्या आधी एक गोष्ट बघा, मधल्या लाइटचा स्विच कुठे आहे? बहुतेक गाड्यांत त्याला तीन जागा असतात, एका टोकाला कायम चालू, दुसऱ्या टोकाला कायम बंद आणि मध्ये दाराबरोबर चालू. गाडी आतून पुसताना हात लागून तो बंदवर सरकतो हे फार वेळा होतं. कायम चालूवर टाकून बघा. तरीही लागला नाही तर मग बल्बकडे वळायचं.

आता कव्हर. स्क्रू दिसत नाही कारण बहुतेकदा नसतोच, कव्हर नुसतं खाचेत अडकवलेलं असतं. बोटाने कव्हरच्या चारी कडा चाचपून बघा, एका बाजूला नखाएवढी बारीक खाच किंवा खोलगट जागा लागेल, उघडायची बाजू ती. समोरच्या बाजूला दोन ताठ जिभा असतात त्या नुसत्या आत सरकवलेल्या असतात, त्या बाजूने ओढलं तर त्या जिभाच तुटतात आणि तुम्हाला येणारा कडकड आवाज बहुधा तोच आहे, तिथे थांबलात ते बरं केलंत. खाचेत जुनं प्लास्टिकचं कार्ड किंवा चपटी प्लास्टिकची पट्टी घाला, स्क्रूड्रायव्हरच वापरायचा असेल तर टोकाला दोन-तीन वेढे चिकटपट्टी लावा. मग एकदम उचकटायचं नाही, थोडं आत घालून हलकेच पिळायचं, एक लॉक सुटलं की पट्टी सरकवून पुढचं. दोन्ही सुटल्यावर कव्हर खाली झुकतं, तेव्हा ते खाली न ओढता तिरकं करून जिभांमधून बाहेर काढायचं. जुन्या गाडीचं प्लास्टिक थंडीत काचेसारखं तडकतं, त्यामुळे गाडी थोडी उन्हात उभी राहिल्यावर हे काम केलेलं चांगलं, तेच प्लास्टिक तेव्हा वाकतं.

आणि एक, फक्त पारदर्शक काच निघतेय की सगळं युनिटच छतातून खाली येतंय ते बघत राहा. काही गाड्यांत काच वेगळी निघतच नाही, पूर्ण युनिट खाली काढून मागून बल्ब बदलायचा असतो. तसं असेल तर मागच्या वायरला झटका देऊ नका, सॉकेटचं लॉक दाबून वायर सोडवा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये बल्ब बदलण्याचं पान असतं, त्यात कुठली बाजू उघडायची त्याचं चित्र मिळतं, दोन मिनिटं लागतात बघायला.

उजेडवाला:
मापाचं मी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

छताच्या मधल्या लाइटमध्ये जास्त करून नळीसारखा बल्ब असतो, मध्ये काचेची नळी आणि दोन्ही टोकांना धातूच्या निमुळत्या टोप्या. त्याला फेस्टून म्हणतात. पुढच्या छोट्या लाइटमध्ये बऱ्याचदा दुसरा प्रकार असतो, ज्याला टोपीच नसते, काचेचाच खालचा भाग चपटा करून त्यावर दोन तारा वळवलेल्या असतात, तो नुसता सरळ ओढून निघतो. दुकानात त्याला टी १० म्हणतात आणि बल्बवर डब्ल्यू ५ डब्ल्यू असं लिहिलेलं असतं.

फेस्टूनची लांबी टोकापासून टोकापर्यंत धरतात, म्हणजे धातूच्या टोप्यांसकट. ३१, ३६, ३९, ४१-४२ मिलिमीटर ही नेहमीची मापं. ३६ वाला सहसा ५ वॅटचा (सी ५ डब्ल्यू), ४१ वाला १० वॅटचा (सी १० डब्ल्यू). जुना बल्ब हातात घेऊनच दुकानात जा, त्याच्यासारखा सोपा मार्ग नाही. २-३ मिलिमीटर लहान घेतला तरी तो बसतो, लागतोही, पण बल्ब दोन्ही टोकांना धरणाऱ्या धातूच्या पत्त्यांची पकड सैल राहते आणि खड्ड्यातून गाडी गेली की लुकलुकतो. लांब घेतला आणि रेटून बसवला तर पत्त्या फाकतात आणि मग योग्य मापाचा बल्बसुद्धा धड धरत नाहीत.

वॅट मात्र वाढवू नका हो. जास्त उजेड हवा म्हणून ५ च्या जागी १० वॅटचा घालणारे बरेच भेटतात, करंट दुप्पट होतो (५ वॅटला साधारण ०.४ अँपियर, १० ला ०.८) पण खरा प्रश्न उष्णतेचा आहे. तो एवढासा बंद डबा, हवा खेळायला जागा नाही, बल्बपासून बोटभर अंतरावर प्लास्टिक. दार उघडं ठेवून अर्धा तास सामान लावत बसलात तरी कव्हर पिवळं पडायला सुरुवात होते, पुढे मध्यभागी फुगवटा येतो. असं फुगलेलं कव्हर परत नीट लॉक होत नाही.

काढताना बल्ब गार झालाय ना बघा. काचेला मध्ये धरून ओढायचं नाही. फडक्यात धरून एका टोकाच्या पत्तीकडे ढकला, पत्ती थोडी मागे जाते, तेवढ्यात दुसरं टोक मोकळं होऊन खाली येतं. घालताना उलटं.

वायरिंगवेडा:
वरच्या दोघांनी छान सांगितलंय, बॅटरीच्या प्रश्नाचं मी लिहितो. बॅटरीची वायर काढायची गरज नाही, पण त्या लाइटचा फ्यूज काढून ठेवा, आणि हे का ते समजून घ्या.

बऱ्याच गाड्यांत या लाइटला प्लस कायम आलेला असतो, फ्यूजमधून थेट. दार उघडलं की स्विच काय करतो तर मायनस, म्हणजे अर्थ, जोडतो. त्यामुळे लाइट बंद असला, दारं लावलेली असली, चावी खिशात असली तरी त्या पत्तीवर १२ व्होल्ट असतोच. तुम्हाला त्याचा झटका बसणार नाही, पण लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक एका पत्तीला आणि दांडी छताच्या पत्र्याला लागली की ठिणगी पडून फ्यूज गेला. आणि हा फ्यूज एकट्या लाइटचा क्वचितच असतो. घड्याळ, रेडिओची मेमरी, कधी रिमोट लॉक, सगळं त्याच्यावरच. म्हणजे बल्ब बदलायला गेलात आणि गाडी रिमोटला ऐकेना, असं होतं, मग माणूस घाबरून भलतीकडेच शोधत बसतो.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून तक्ता असतो, त्यात रूम किंवा डोम असं लिहिलेलं शोधा. फ्यूज काढल्यावर घड्याळ आणि कदाचित रेडिओ परत सेट करावा लागेल तेवढंच, ते चालतं. उडालेलाच निघाला तर त्याच अँपियरचा, त्याच रंगाचा घाला. मोठा घालायचा नाही, चांदीचा कागद किंवा तार तर अजिबात नाही, छतातली वायर बोटाएवढी जाड नसते, फ्यूज न उडता ती तापली तर आग छताच्या कापडाला लागते. तुमचे पुढचे लाइट चालू आहेत म्हणजे फ्यूज शाबूत असायची शक्यता बरीच आहे, बऱ्याच गाड्यांत तिन्हींचा फ्यूज एकच असतो.

मधली_सीट:
खूप धन्यवाद सगळ्यांना. स्विच कायम चालूवर टाकला तरी लागत नव्हता. खाच मागच्या काचेच्या बाजूला होती, मी पुढून ओढत होतो. कार्ड घालून पिळल्यावर कव्हर लगेच निघालं, जिभा शाबूत आहेत. फ्यूज काढूनच काम केलं. आत नळीवालाच बल्ब आहे, टोपीवर १२ व्होल्ट ५ वॅट कोरलंय, पट्टीने मोजला तर ३६ भरला. पण काच आतून काळपट आरशासारखी झालीय आणि तार तुटलेली काही दिसत नाही, मग हा गेलाय म्हणायचा की नाही? पत्त्यांवर हिरवट पांढरं काहीतरी जमलंय, ते घासून काढू का?

वायरिंगवेडा:
काळपट झाला म्हणजे आयुष्य संपत आलेलं. तार टंगस्टनची असते, तापून तापून तिचा अंश उडतो आणि काचेच्या आतल्या अंगाला बसतो, त्याने तार बारीक होत जाते आणि उजेडही कमी होतो. तुटते ती बऱ्याचदा टोकाशी, आधाराच्या तारेजवळ, तिथे डोळ्याला दिसत नाही. मल्टीमीटर असेल तर ओहमवर लावून दोन्ही टोप्यांना टोकं लावा. चांगला ५ वॅटचा बल्ब गार असताना २-३ ओहम दाखवतो. गणित करणारे म्हणतील १२ चा वर्ग भागिले ५ म्हणजे जवळपास २९ यायला हवेत, पण २९ पेटलेला असताना, गार तारेचा रोध साधारण दहावा हिस्साच असतो, म्हणून २-३ बघून शॉर्ट आहे समजू नका. काहीच दाखवलं नाही तर गेला.

पत्त्या घासा, फ्यूज काढलेलाच असू दे. बारीक पॉलिश पेपरची अरुंद पट्टी कापून जिथे टोपी टेकते तेवढीच जागा चकचकीत करा, बाकी पत्तीवरचा मुलामा खरवडू नका नाहीतर गंज लवकर धरेल. आणि मुळात ते हिरवट का आलं हे बघा. छतातून ओल उतरते का? पावसाळ्यात कव्हरच्या आत पाण्याचे डाग पडतात का? सनरूफ किंवा छतावर अँटेना असेल तर त्याचं रबर तपासा. नुसत्या दमट हवेनेही थोडं येतं, तेवढं असेल तर काळजी नको.

काजवा:
एलईडीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. माझ्या मते मागच्या सीटवर वयस्कर माणसं बसत असतील तर एलईडी घालाच. ५ वॅटच्या तारेच्या बल्बचा उजेड पिवळा आणि अंधुक असतो, एलईडी १ वॅटच्या आसपास खातो आणि सीटच्या फटीतलं बेल्टचं लॉकसुद्धा दिसतं. उष्णता कमी, कव्हर पिवळं पडायची भीती कमी. चुकून रात्रभर चालू राहिला तरी बॅटरी बसत नाही, उलट १० वॅटचा तारेचा बल्ब १२ तास चालू राहिला तर १० अँपियर-अवर खातो, छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची असते, त्यात ती जुनी असेल तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो.

घालताना एवढंच, एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते. लागला नाही तर खराब समजून परत करू नका, काढून टोकं उलटी करून घाला. काही दोन्हीकडून लागणारे पण येतात.

उजेडवाला:
काजवा, मुद्दे बरोबर आहेत पण सरसकट "घालाच" नको म्हणूया. ज्या गाड्यांत लाइट हळूहळू मंद होत विझतो तिथे एलईडी कधी फडफडतो, कधी एका टप्प्याला झटकन बंद होतो. आणि काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर बल्ब शाबूत आहे का बघायला अगदी बारीक करंट सोडत असतो. तारेचा बल्ब त्याने पेटत नाही, एलईडी मात्र रात्रभर मिणमिणत राहतो, लोकांना वाटतं स्विच खराब. त्यावर रोध जोडलेले एलईडी मिळतात पण तो रोध स्वतः तापतो, मग उष्णता कमी हा फायदा गेलाच. शिवाय काही एलईडीची पट्टी इतकी रुंद असते की कव्हर बसत नाही, किंवा मागचा उष्णता सोडणारा धातूचा भाग पत्तीला चिकटतो. घेताना रुंदी पण बघा, नुसती लांबी नाही.

रंगाचं सांगतो, ६००० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड दुकानात भारी वाटतो पण रात्री हायवेवर मागच्या कोणी लाइट लावला की पुढची काच आरसा होते आणि ड्रायव्हरचे डोळे परत अंधाराला सरावायला वेळ घेतात. ३००० च्या आसपासचा पिवळसर घ्या. आईंना लॉक दिसायला तेवढा पुरतो, डोळ्यांवरही येत नाही.

काजवा:
पिवळसर घ्यायचं पटलं. मिणमिणायचं पण खरं आहे, म्हणून दुकानातून घेताना बदलून देतील ना विचारून घ्या, आणि पहिल्या रात्री गाडी लॉक करून पंधरा-वीस मिनिटांनी काचेतून आत बघा.

मधली_सीट:
मल्टीमीटरने बघितलं, काहीच दाखवत नाही, म्हणजे गेलेलाच होता. सध्या ५ वॅटचा साधा ३६ चा घातला, एलईडी पिवळसर मिळाला की बघेन. पत्त्या साफ केल्या. आता स्विच कायम चालूवर असला की मस्त लागतो. पण दाराच्या जागेवर ठेवलं तर पुढची दोन्ही दारं उघडल्यावर लागतो, मागचं उजवं उघडलं तरी लागतो, मागच्या डाव्या दाराला मात्र लागत नाही. आणि आई नेमकी तिथूनच चढते! हे काय आहे?

वायरिंगवेडा:
तुम्ही एकेक दार वेगळं तपासलंत हे फार बरं झालं, अर्धं निदान तिथेच झालं. बल्ब, फ्यूज, प्लस, वरचा स्विच सगळं ठीक आहे. दोष त्या एका दाराच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये.

दाराच्या चौकटीत बघा, रबरी टोपी घातलेलं बटण दिसतं का? दार लागलं की ते दाबलं जातं आणि लाइट बंद, दार उघडलं की बाहेर येऊन अर्थ जोडतं. टोपी फाटली की पाणी आणि धूळ आत जाऊन ते आतच अडकून राहतं किंवा गंजतं. बोटाने आठ-दहा वेळा दाबून सोडा, जाम असेल तर कळेल. असं बटण कुठेच नसेल तर तुमच्या गाडीत स्विच दाराच्या लॉकच्या आत आहे. मग डॅशबोर्डवर दार उघडं असल्याची खूण त्या दाराला येते का बघा. येत असेल तर स्विच काम करतोय, बिघाड पुढे कुठेतरी. येत नसेल तर लॉकमधला स्विच, नाहीतर बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणारी वायर, दार हजारदा उघडून-लावून ती तिथेच आतल्या आत तुटते. ते काम दाराचं पॅनेल उघडल्याशिवाय होत नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडे द्या.

मधली_सीट:
रबरी टोपीवालं बटण आहे! टोपी खालून चिरलीय आणि बटण आतच रुतून बसलंय, नखाने बाहेर ओढलं तर लाइट लागला. एका स्क्रूवर बसवलेलं दिसतंय. साफ करून तेल घालू की नवीनच बसवू? आणि घरी जमेल का?

पाना_बारा:
नवीनच बसवा, टोपीसकट मिळतं, आतली स्प्रिंग गंजली असेल तर साफ केलेलं पुढच्या पावसात परत अडकतं. जुनं दुकानात दाखवून दांडीची लांबी जुळवून घ्या, लांब असेल तर दार लावताना त्यावर ताण येतो, आखूड असेल तर दार लावलं तरी लाइट चालू राहतो.

घरी नक्की जमेल, एकच जागा सांभाळा. स्क्रू काढल्यावर स्विच वायरसकट बाहेर येतो, आणि वायरची टोपी ओढून काढली की वायर सुळकन चौकटीच्या आत निघून जाते, मग ती परत मिळवायला आतलं सगळं प्लास्टिक उघडावं लागतं. म्हणून टोपी काढायच्या आधी वायरला चिकटपट्टी गुंडाळून पट्टीचं टोक पत्र्यावर चिकटवून ठेवा, किंवा कपड्याचा चिमटा लावा. फ्यूज काढलेला असू दे. स्क्रूची जागा आणि स्विचची पाठ जिथे पत्र्याला टेकते ती जागा पॉलिश पेपरने घासा, कारण एकच वायर आहे ना, अर्थ तिथूनच मिळतो, रंग किंवा गंज मध्ये राहिला तर नवीन स्विचसुद्धा लागणार नाही. बसवून झाल्यावर फ्यूज घाला, दार उघडं ठेवून बटण बोटाने दाबा, लाइट विझला पाहिजे.